दादरच्या पडद्यावर ‘शाफ्ट’

दादरमधल्या एका फिल्म क्लबने गेल्या रविवारी छायाचित्रकार-दिग्दर्शक गॉर्डन पार्क्स यांचा १९७१ सालचा अमेरिकन गुप्तहेरपट ‘शाफ्ट’ दाखवला. भुयारी रेल्वेच्या जिन्यातून वर आलेला, लांब लेदर कोटातला नायक शाफ्ट (रिचर्ड राउंडट्री) हॉर्नची पर्वा न करता गाड्यांमधून वाट काढत जातो आणि आयझॅक हेजच्या संगीतातला हाय-हॅटचा (ड्रमसोबतच्या जोडझांजांचा) ठेका त्याच्या चालीला धरून वाजत राहतो, त्या पहिल्या काही मिनिटांतच तिकिटाचे पैसे वसूल होतात. (सभागृहाचा एक स्पीकर नेमका तिथेच खरखरला.) अपहृत मुलीच्या शोधाचे कथानक साधे आहे आणि मध्यंतरानंतर ते रेंगाळते. प्रदर्शनाच्या वेळी समीक्षकांत एकमत नव्हते: कोणाचीही मिंधेगिरी न करणारा कृष्णवर्णीय नायक काहींना नवा वाटला, तर काहींना ही गोऱ्या गुप्तहेराचीच जुनी गोष्ट वाटली; मूळ कादंबरीचे लेखक अर्नेस्ट टिडीमन स्वतः गोरे होते, हे इथे ध्यानात घ्यावे. शीर्षकगीताला ऑस्कर मिळाले आणि २००० साली चित्रपट अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत, म्हणजे जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या यादीत, दाखल झाला. माझ्या मते खरे श्रेय पार्क्स यांच्यातल्या छायाचित्रकाराला जाते, कारण हिवाळ्यातले करडे, ओलसर न्यूयॉर्क कथेपेक्षा अधिक काळ डोळ्यांसमोर राहते.