ऐकण्याजोगे चित्रपट

गेल्या काही आठवड्यांत घरी आणि चित्रपटगृहात मिळून बरेच मराठी चित्रपट पाहण्यात आले, काही पहिल्यांदा तर काही पुन्हा एकदा. त्यांपैकी ज्यांच्याविषयी आवर्जून लिहावेसे वाटले त्या सगळ्यांत एक गोष्ट समान आढळली, ती म्हणजे त्यांच्या दिग्दर्शकांनी प्रेक्षकांच्या कानांवर टाकलेला विश्वास. आपल्याकडे चित्रपटाची चर्चा कथा, अभिनय, गाणी आणि फार तर छायाचित्रण इथपर्यंत येऊन थांबते; ध्वनीचा विषय निघालाच तर तो पार्श्वसंगीत 'छान होते' एवढ्यावर आटोपतो. प्रत्यक्षात हल्लीच्या अनेक मराठी चित्रपटांचा सगळ्यात मोठा दोष तिथेच आहे. पात्राचे डोळे भरून येण्याआधी व्हायोलिने भरून येतात, विनोदी वाक्य संपताक्षणी हसण्याची आठवण करून देणारा एखादा सूर वाजतो, आणि शेताच्या बांधावर उभा असलेला माणूस व बंद खोलीत बसलेला माणूस हे दोघेही एकाच डबिंग स्टुडिओतून बोलल्यासारखे ऐकू येतात. हा दोष ज्यांनी कटाक्षाने टाळला आहे, अशा चित्रपटांविषयी मला सांगायचे आहे.

या सगळ्यांत सर्वाधिक गुंतवून ठेवणारा चित्रपट म्हणजे चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल'. २०२० साली तो व्हेनिसच्या महोत्सवात मुख्य स्पर्धेत होता आणि तिथे त्याला सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला. पुढच्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस तो नेटफ्लिक्सवर आला. शरद नेरुळकर हा मुंबईत राहणारा तरुण हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताच्या मागे आयुष्य वाहून घेतो, गुरूंची सेवा करतो, पहाटेचा रियाज करतो आणि तरीही आपण त्या उंचीला पोहोचणार नाही, हे त्याला वर्षानुवर्षे थोडे थोडे कळत जाते. कथा म्हणून सांगायचे तर एवढेच आहे. पण शरदची भूमिका करणारे आदित्य मोडक स्वतः गायक आहेत आणि गुरुजींच्या भूमिकेतले अरुण द्रविड हे मोगूबाई कुर्डीकर व किशोरी आमोणकर यांच्याकडे शिकलेले गायक आहेत, त्यामुळे पडद्यावर जे गाणे चालते ते गाण्याचा अभिनय राहत नाही. आलापातली एखादी जागा घ्यायला शरद जातो, ती निसटते, आणि ती निसटली हे आपल्याला त्याच्या चेहऱ्यावरून कळण्याआधी कानाला कळते. शास्त्रीय संगीताचे शिक्षण नसलेल्या प्रेक्षकालाही गुरुजींचा सूर आणि शिष्याचा सूर यांतला फरक या चित्रपटात ऐकू येतो, कारण दिग्दर्शक दोन्ही सूर पुरेसा वेळ ऐकवतो, मध्ये घाई करत नाही आणि कापाकापी करत नाही.

चित्रपटाचा कणा मात्र गाण्यात नसून एका बोलण्यात आहे. गुरुजींच्या गुरू असलेल्या माई पडद्यावर कधीच दिसत नाहीत. त्यांच्या व्याख्यानांच्या जुन्या ध्वनिफिती तेवढ्या शरदजवळ आहेत. रात्री मुंबईच्या रिकाम्या उड्डाणपुलांवरून तो मोटारसायकलवर जात असतो, दृश्याची गती संथ झालेली असते, खाली तानपुऱ्याची आस सतत चालू असते आणि त्यावर माईंचा आवाज येतो. या मार्गाने जायचे असेल तर एकटेपणाची आणि भुकेची सवय करून घ्यावी लागेल, असे तो आवाज अत्यंत शांतपणे बजावतो. हा आवाज सुमित्रा भावे यांचा आहे. स्वतः उत्तम चित्रपट करणाऱ्या या दिग्दर्शिकेचे, हा चित्रपट घरोघरी पोहोचण्याच्या अवघ्या काही दिवस आधी, १९ एप्रिल २०२१ रोजी निधन झाले, आणि त्यामुळे तो आवाज आज ऐकताना त्याला आणखी एक अर्थ येऊन चिकटतो. पण ही माहिती बाजूला ठेवली तरी त्या आवाजाची ताकद कमी होत नाही. त्यात उपदेशाचा चढा सूर नाही, प्रेमळपणाची साखर नाही, फक्त पूर्ण खात्री आहे, आणि नेमकी तीच खात्री शरदला आयुष्यभर छळते. पहिल्या काही फेऱ्यांमध्ये तो आवाज त्याला बळ देतो. पुढे तोच आवाज, तोच तानपुरा आणि तोच रस्ता ऐकताना आपल्यालाच गुदमरायला होते.

याच चित्रपटात टीव्हीवरच्या एका गाण्याच्या स्पर्धेतली मुलगी अधूनमधून दिसते. सुरुवातीला ती साधेपणाने, बुजत, स्वच्छ गळ्याने गाते. पुढे प्रत्येक वेळी तिच्याभोवती दिवे, कपडे आणि वाद्ये वाढत जातात आणि मूळ आवाज त्याखाली दबत जातो. यावर चित्रपटात कुणीही भाष्य करत नाही, आणि त्याची गरजही वाटत नाही. मला खटकलेली गोष्ट एवढीच, की शरदच्या श्रद्धास्थानांविषयी नको ते सांगणारा जो जुन्या ध्वनिमुद्रणांचा संग्राहक भेटतो, त्याच्या तोंडी एकाच बैठकीत फारच माहिती घातली आहे. इतरत्र जे हळूहळू उलगडते ते इथे एकदम ओतल्यासारखे होते. शिवाय गुरुजींकडेच शिकणारी स्नेहा ही व्यक्तिरेखा अपुरी राहिली आहे. ती स्वतः गाते, तिच्या मनातही याच वाटेविषयी काही ना काही चालू असणार, आणि ते ऐकायला मिळायला हवे होते.

'द डिसायपल' पाहिल्यानंतर ताम्हाणे यांचाच पहिला चित्रपट 'कोर्ट' पुन्हा पाहणे ओघाने आले. २०१४ साली व्हेनिसमध्ये 'ओरिझोंती' या मुख्य स्पर्धेपेक्षा वेगळ्या विभागातला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान आणि पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळवलेल्या या चित्रपटाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. नारायण कांबळे या शाहिराच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने गटारात उतरून आत्महत्या केली, असा आरोप ठेवून खटला उभा राहतो आणि तो चालत राहतो. कॅमेरा बहुतेक वेळा लांब, स्थिर उभा असतो. चेहरे जवळून दाखवले जात नसल्यामुळे कोण बोलतो आहे हे आधी कानांना शोधावे लागते, आणि कोर्टातली कुजबुज, फायलींची उलथापालथ, पुढच्या खटल्याची लगबग या सगळ्यांतून एका माणसाच्या आयुष्याचा प्रश्न वाट काढताना ऐकू येतो. सरकारी वकील नूतन एकोणिसाव्या शतकातल्या कायद्याचे कलम एका दमात वाचून दाखवते, तेव्हा गीतांजली कुलकर्णी यांनी त्या वाचनात आणलेला सरावलेला सपाटपणा हा मराठी पडद्यावरच्या अभिनयाचा एक उत्कृष्ट नमुना आहे. साक्षीदाराच्या तोंडून जे येते आणि न्यायाधीश सदावर्ते टंकलेखकाला जे सांगतात, त्या दोहोंतले अंतरही नीट ऐकावे.

या चित्रपटातला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग मृत कामगाराच्या पत्नीच्या साक्षीचा आहे. नवरा गटारात उतरण्यापूर्वी आत खडा टाकून पाहायचा. झुरळे बाहेर आली तर आत हवा आहे असे समजायचे. हे ती बाजारभाव सांगावा इतक्या सहजपणे सांगते. कुठेही स्वर कापत नाही, खाली कुठलेही वाद्य वाजत नाही, आणि म्हणूनच ते वाक्य मनातून जात नाही. शाहिराची भूमिका करणारे वीरा साथीदार यांचे २०२१ मध्ये करोनाने निधन झाले. संभाजी भगत यांची गाणी ते ज्या आवेशाने मंचावर सादर करतात, तो आवेश आणि कोर्टाच्या खोलीतला मंद, पेंगुळलेला सूर यांच्यातला विरोध हाच या चित्रपटाचा खरा युक्तिवाद आहे. कोर्टाला सुट्टी लागते, दिवे मालवतात, पडद्यावर काळोख होतो आणि तिथेच चित्रपट संपायला हवा होता, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. न्यायासनावरून उतरलेला माणूस सहलीला गेल्यावर कसा बोलतो, हे ऐकल्याशिवाय आधीच्या दोन तासांचा हिशेब पुरा होत नाही.

इथे एक व्यवहाराची सूचना करणे आवश्यक वाटते. हे चित्रपट मोबाइलच्या स्पीकरवर पाहू नयेत. साधे हेडफोन असले तरी चालतील, पण खोलीत शांतता हवी. चित्रपटगृहांचीही याबाबत फार चांगली स्थिती आहे असे नाही. एका मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटाच्या खेळाला आवाज इतका खाली ठेवला होता, की शेजारच्या पडद्यावरच्या हाणामारीचे धमाके भिंतीतून येऊन आमच्या संवादांवर आदळत होते. मध्यंतरात तक्रार केल्यावर आवाज वाढवला गेला, पण तोपर्यंत अर्धा चित्रपट हातचा गेला होता. प्रेक्षकांनी अशा वेळी उठून सांगितले पाहिजे. तिकिटाच्या पैशात ध्वनीही मोजलेला असतो.

अविनाश अरुण यांचा 'किल्ला' बहुतेकांनी पाहिलेला असेल, म्हणून थोडक्यात. वडील गेल्यानंतर आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणात आलेला चिन्मय, त्याचे नवे मित्र आणि पावसाळा. बर्लिनच्या महोत्सवात २०१४ साली मुलांच्या परीक्षक मंडळाने याला 'क्रिस्टल बेअर' दिले, ही निवड अगदी योग्य होती. दिग्दर्शकाने स्वतःच छायाचित्रण केले असल्याने त्यातल्या दृश्यांचे कौतुक नेहमी होते. पण किल्ल्यात मित्र निघून गेल्यावर भर पावसात एकटा पडलेला मुलगा त्यांना हाका मारतो, तो प्रसंग डोळे मिटून ऐकला तरी तितकाच पोहोचतो. पावसाचे इतके वेगवेगळे आवाज मी दुसऱ्या कुठल्या मराठी चित्रपटात ऐकलेले नाहीत. आई झालेल्या अमृता सुभाष आणि चिन्मय झालेला अर्चित देवधर यांच्यातले तुटक, मोजके बोलणेही तसेच खरे वाटते. काही ठिकाणी मात्र संगीत अंमळ लवकर येते, आणि त्या जागी पाऊस पुरेसा होता असे वाटून जाते.

रोहन कानवडे यांच्या 'सबर बोंडं' या चित्रपटाने ती तक्रार करायला जागाच ठेवलेली नाही, कारण त्यात पार्श्वसंगीत नाही. २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागात परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक मिळवणारा हा चित्रपट मुंबईत राहणाऱ्या आनंदची गोष्ट सांगतो. वडिलांच्या निधनानंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी तो गावी येतो, त्याच्या लग्नाविषयी नातेवाइकांनी विचारलेल्या प्रश्नांना तोंड देतो आणि बालपणीचा मित्र बाळ्या याच्याजवळ त्याला विसावा मिळतो. दोन पुरुषांमधले प्रेम इतक्या हळुवारपणे आणि गावच्या मातीत घट्ट रोवून मराठीत यापूर्वी आलेले माझ्या पाहण्यात नाही. सुतकाच्या घरातले आवाज दिग्दर्शकाने बारकाईने टिपले आहेत: भेटायला आलेल्या बायांचे रडणे सुरू होते, ओसरते, आणि लगेच मागून व्यवहाराचे बोलणे चालू होते. आनंद आणि बाळ्या झालेले भूषण मनोज आणि सूरज सुमन हे दोघे एकमेकांजवळ बसलेले असताना बराच वेळ काहीही बोलत नाहीत; अशा वेळी संगीत असते तर त्याने आपल्याला काय वाटायला हवे ते सांगून टाकले असते. जयश्री जगताप यांनी साकारलेली आई मुलाविषयी सगळे जाणते, आणि ते जाणणे ती शब्दांपेक्षा बोलण्याच्या सुरातून दाखवते. मधल्या भागात चित्रपट जरा रेंगाळतो, हे मान्य करूनही मी तो प्रत्येकाने पाहावा असे आग्रहाने म्हणेन, विशेषतः मुलांच्या लग्नाची घाई झालेल्या आईवडिलांनी.

पार्श्वसंगीताशिवाय चित्रपट ही परदेशी महोत्सवांसाठी शोधून काढलेली नवी टूम आहे, असा आक्षेप 'सबर बोंडं'च्या निमित्ताने कानावर आला. तो घेणाऱ्यांनी प्रभात फिल्म कंपनीचा 'कुंकू' अवश्य पाहावा. १९३७ साली व्ही. शांताराम यांनी नारायण हरी आपटे यांच्या कादंबरीवरून केलेल्या या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. घरात, रस्त्यावर जे आवाज असतील त्यांवरच प्रसंग उभे केले आहेत. केशवराव भोळे यांच्यासारखा संगीतकार हाताशी असताना घेतलेला हा निर्णय आहे. म्हाताऱ्या काकासाहेबांच्या गळ्यात फसवून बांधली गेलेली नीरा, म्हणजे शांता आपटे, त्या घरात वावरते तेव्हा भिंतीवरच्या जुन्या घड्याळाचे ठोके तिच्या बाजूने आणि तिच्या विरुद्ध, दोन्हीकडून बोलतात. केशवराव दाते यांच्या काकासाहेबांविषयी राग आणि कणव एकाच वेळी वाटते, हे त्या अभिनयाचे मोठेपण. सुधारकी भाषणांचा भाग आज थोडा लांबलेला वाटतो, आणि जुन्या प्रतीतली खरखर पहिली काही मिनिटे त्रास देते. ती सहन करावी. नीराचे पहिले ठाम 'नाही' ऐकेपर्यंत कान त्या खरखरीला सरावलेले असतात.