उंच पोरांसाठी लेस-पट्टीचा अँकल ब्रेस: घोटा सांभाळतो, बाकीचं नाही

सहा फूट सात इंचांचा, बास्केटबॉलमध्ये सेंटरला (बास्केटजवळच्या उंच खेळाडूच्या जागी) खेळणारा एकोणीस वर्षांचा पोरगा एका सीझनमध्ये दोनदा जायबंदी झाला की ठाण्यातल्या कुठल्याही कोर्टाच्या कठड्यावर एकच वाद रंगतो: पोरगा पुढे जाणार, की नाजूकच निघाला? या वादात सगळ्या दुखापती एकाच पोत्यात भरतात. लेस आणि पट्ट्यांचा ब्रेस, म्हणजे घोट्याभोवती आवळायचा आधार, घ्यावा का, हे ठरवायलाही ते पोतं आधी सोडावं लागतं. कारण हा ब्रेस एकाच दुखण्यावरचा उपाय आहे. त्या दुखण्यावर मात्र तो उत्तम आहे.

रिबाउंडला, म्हणजे बास्केट हुकून परतलेल्या चेंडूसाठी, उडी मारायची, खाली येताना पाय दुसऱ्याच्या बुटावर पडायचा आणि तळवा आत वळून घोटा मुरगळायचा, हे ते दुखणं. बाहेरच्या बाजूचं लिगामेंट, म्हणजे हाडं जोडणारा चिवट पट्टा, ताणलं जातं किंवा फाटतं, आणि एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळायला फार निमित्त लागत नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या शाळकरी बास्केटबॉलपटूंवरचा एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात १,४६० खेळाडू होते. लेसवाला ब्रेस घालणाऱ्यांत घोट्याच्या दुखापतींचं प्रमाण जवळपास एक तृतीयांशावर आलं. मात्र ज्यांना दुखापत झालीच, त्यांची ती सौम्य झाली नाही आणि गुडघ्यांच्या दुखापतींतही फरक पडला नाही. विकणारे यातलं पहिलं तेवढं सांगतात.

माप बुटाच्या नंबरावरून घेऊ नका. टाचेच्या टोकापासून घोट्याच्या पुढच्या वळणापर्यंत टेप तिरकी फिरवून घेर मोजा आणि कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहा. लेस पूर्ण आवळल्यावर दोन्ही कडांमध्ये बोटभर फट राहायला हवी. कडा एकमेकींना टेकल्या तर ब्रेस मोठा आहे. तो कितीही आवळला तरी धरणार नाही. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर लहान घ्या.

घालताना बहुतेकांचं चुकतं ते इथे. आधी लांब, सुती मोजा, सुरकुती न ठेवता. टाच मागे टेकवून पाऊल काटकोनात ठेवायचं, लोंबकळतं नाही. लेस खालून वर आवळत यायची. नुसती वरची गाठ घट्ट मारून काही होत नाही. मग पट्ट्या. आतल्या बाजूने वर येणारी आधी, बेताची घट्ट. तळव्याखालून जाऊन बाहेरच्या बाजूने वर येणारी नंतर, आणि तिला चांगला ताण द्यायचा, कारण पाऊल आत वळू न देण्याचं खरं काम तिचंच. शेवटी वरचा इलॅस्टिक पट्टा. अंगठ्याचं नख दाबून सोडा. दोनेक सेकंदांत गुलाबी झालं नाही किंवा बोटांना मुंग्या आल्या तर सैल करा. वॉर्मअपनंतर सगळं पुन्हा एकदा आवळायचं, कारण तोवर लेस सैल पडलेली असते. ही दोन मिनिटं कोणी देत नाही आणि मग ब्रेसला नावं ठेवली जातात.

बुटाचा प्रश्न वेगळाच. ब्रेसमुळे अर्धा नंबर मोठा बूट लागतो, आणि बारा-तेरा नंबरवाल्याला गोखले रोडवर काय किंवा वाशीला काय, आधीच निवड कमी. ब्रेस सोबत नेऊन, घालूनच बूट बघा. जागा करायला आतला सोल काढणं हा शुद्ध मूर्खपणा: सोसायटीच्या पोडियमवर आणि सेक्टरच्या मैदानात रंगाखाली काँक्रीटच असतं.

इथल्या हवेत ब्रेस लवकर कुबट होतो. सरावानंतर तो बॅगेत कोंबून ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोली-नेरूळला गेलं की दुसऱ्या दिवशी ओलाच. हाताने धुवा, वेल्क्रो मिटवून धुवा, नाहीतर त्यात धागे अडकून पकड जाते, वाळवायचा पंख्याखाली. पावसाळ्यात रोज खेळणाऱ्याने दुसरा जोड ठेवावा.

आता जे हा ब्रेस करत नाही ते. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधल्या जोएल एम्बीडच्या उजव्या पायाचं नॅव्हिक्युलर हाड मोडलं आणि त्याचे पहिले दोन सीझन पूर्ण गेले; पुढे २०२२-२३ला तोच एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू, ठरला. हे हाड पावलाच्या मध्यभागी, आतल्या बाजूला असतं. त्याच्या मधल्या भागाला रक्तपुरवठा कमी, म्हणून ते सावकाश जुळतं. ब्रेसचा इथे काडीचा उपयोग नाही. पावलाच्या वरच्या बाजूला धावताना दुखतं आणि थांबल्यावर कमी होतं, असं पोरगा म्हणाला तर ब्रेस आवळून खेळवू नका. एक्स-रेत हे फ्रॅक्चर अनेकदा दिसत नाही, एमआरआय लागतो. २००७ला एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, केव्हिन ड्युरँटच्या आधी निवडला गेलेला ग्रेग ओडन गुडघ्यांनी संपवला, एनबीएत एकूण १०५ सामने. तिथल्याच चेट होल्मग्रेनचा २०२२-२३चा अख्खा सीझन पावलाच्या दुखापतीत गेला, पुढच्या सीझनला तो सगळे ८२ सामने खेळला. तिघेही ‘इंज्युरी-प्रोन’, म्हणजे सारखे जायबंदी होणारे म्हणवले जाणारे, पण तीन अगदी वेगळी प्रकरणं. मुरगळलेल्या घोट्यावरून पोराचं भवितव्य सांगणाऱ्यांनी आधी कुठलं हाड, कुठलं लिगामेंट, पडून झालं की साचत गेलं, एवढं तरी विचारावं.

तेव्हा शिफारस अशी. घोटा आधी मुरगळलेला असेल तर जरूर घ्या आणि दुखापतीनंतर किमान सहा महिने प्रत्येक सरावाला घाला, नुसता सामन्याला नाही. सोबत एका पायावर तोल सांभाळणं, आधी डोळे उघडे मग मिटून, आणि एका पायावर टाचा उचलणं रोज चालू ठेवा. टेपिंगपेक्षा, म्हणजे दर वेळी घोट्याला चिकटपट्टी गुंडाळण्यापेक्षा, हा सीझनभरात स्वस्त पडतो आणि बांधायला फिजिओ लागत नाही. घोट्याभोवती सूज असताना, पायावर भार टाकून चार पावलं चालता येत नसताना, किंवा गुडघा दुखतोय म्हणून घेत असाल तर घेऊ नका. वेल्क्रो सुटायला लागला किंवा लेसची भोकं ताणून लांबट झाली की बदलायचा. शिवून घेतलेला ब्रेस ताण धरत नाही.