कपड्यांआडचं छोटं पिस्तूल: ट्रिगर कोणता घ्यावा?

कपड्यांआड बाळगायचं पिस्तूल निवडताना बहुतेक जण कॅलिबर, मॅगझिनमधल्या गोळ्या आणि जाडी यांवर भरपूर खल करतात. ट्रिगर मात्र काउंटरवर दोनदा दाबून पाहिला की काम झालं. माझ्या मते सुरुवात ट्रिगरपासून करायला हवी. आकार आणि गोळ्यांच्या बाबतीत आजची छोटी पिस्तुलं एकमेकांच्या फार जवळ आली आहेत. ट्रिगरमध्ये मात्र अजून खूप अंतर आहे. आणि काउंटरवर मोहात पाडणारा हलका, आखूड ट्रिगर पोटाशी खोचलेल्या पिस्तुलात तितकाच बरा वाटेल, याची खात्री नसते.

सध्या सगळीकडे चलती आहे ती स्ट्रायकरवाल्यांची, म्हणजे आत ताणलेली सुई (स्ट्रायकर) सुटून गोळी उडवते अशा पिस्तुलांची: ग्लॉक 19 आणि 43एक्स, सिग पी365, स्मिथ अँड वेसन शील्ड प्लस, स्प्रिंगफील्ड हेलकॅट. पहिल्या गोळीपासून शेवटच्या गोळीपर्यंत ट्रिगर सारखाच लागतो, म्हणजे बोटाला एकच गोष्ट शिकवायची. आतली रचना मात्र सगळ्यांची एक नाही. ग्लॉकमध्ये स्ट्रायकर अर्धवट ताणलेला असतो, उरलेला ताण तुमचं बोट देतं. ट्रिगर आधी थोडा सैल मागे येतो, मग अडतो, आणि त्या अडथळ्यावर दाब वाढवत नेला की किंचित लवून सुटतो. ट्रिगर दाबायला लागणारा जोर साधारण अडीच किलो. पी365 मध्ये स्ट्रायकर जवळजवळ पूर्ण ताणलेला असतो, आणि ट्रिगरच्या मधोमध असणारी सेफ्टीची पातळ जीभही नसते. त्यामुळे तो मऊ, सरकता वाटतो. जुन्या शील्डचा ट्रिगर मध्यावर बिजागरीसारखा मुडपायचा आणि अनेकांना तो आवडत नसे. 2021 च्या शील्ड प्लसमध्ये सपाट ट्रिगर आला आणि तो प्रश्न मिटला. या तिघांत माझी पसंती ग्लॉकला आहे. त्याचा अडथळा ठळक आहे, आणि घाबरलेल्या, घामेजलेल्या बोटालाही तो कळतो.

दुसरा गट हॅमरवाल्या (मागे गोळी उडवणारा छोटा हातोडा असलेल्या) डबल-सिंगलचा: सीझेड पी-01, पी-07, बेरेटा पीएक्स4 कॉम्पॅक्ट. पहिल्या ओढीत ट्रिगरच हॅमर ताणतो आणि सोडतो, म्हणून ती लांब आणि जड, साडेचार किलोंच्या आसपास. त्यानंतर हॅमर ताणलेलाच राहतो आणि पुढच्या गोळ्यांना निम्म्याहून कमी जोर पुरतो. या पिस्तुलांचं मोल मला सगळ्यात जास्त पटतं ते होल्स्टरमध्ये परत ठेवताना. डीकॉकरने (गोळी न सुटता हॅमर उतरवणाऱ्या खटक्याने) हॅमर खाली आणायचा, अंगठा हॅमरवर टेकवायचा आणि मग पिस्तूल आत सरकवायचं. शर्टाचं टोक किंवा जॅकेटची दोरी ट्रिगर गार्डमध्ये, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कड्यात, अडकली, तर हॅमर मागे उचलला जातो आणि अंगठ्याला ते लगेच जाणवतं. स्ट्रायकरवाल्या बहुतेक पिस्तुलांत अशी सूचना मिळत नाही. पोटाच्या पुढच्या बाजूला बाळगणाऱ्यांनी याचा गांभीर्याने विचार करावा, कारण तिथे नळीचं तोंड मांडीकडे असतं.

पण याची किंमत सरावात मोजावी लागते. पहिली गोळी जड आणि दुसरी हलकी, हा बदल हाताला पुन्हा पुन्हा शिकवावा लागतो. शिवाय पहिल्या ओढीसाठी ट्रिगर बराच पुढे असतो. लहान हातांचं बोट तिथे नीट पोहोचलं नाही, तर पकड फिरवावी लागते आणि नेम तिथेच बिघडतो.

सेफ्टी लावून हॅमर ताणलेला ठेवायची सिंगल अ‍ॅक्शन, उदाहरणार्थ सिग पी938, हा तिसरा मार्ग. ट्रिगर सुरेख, आखूड, स्वच्छ. पण पिस्तूल काढताना सेफ्टी खाली करणं आणि ठेवण्याआधी वर करणं हे विचार न करता होत नसेल, तर या वाटेला जाऊ नये. हेकलर अँड कॉखच्या पी30एसके वर मिळणारा एलईएम ट्रिगर मात्र फारसा कुणी सुचवत नाही, हे मला खटकतं. लांब पण हलकी चाल, मागे हॅमर, आणि दर गोळीला तोच ट्रिगर, असा तो मधला पर्याय आहे.

"मग सरळ जड ट्रिगरच घ्यावा, तो सुरक्षित," असं म्हणणारे भेटतात. इथे हिशेब पाहावा. स्मिथ अँड वेसन 642 सारखी छोटी रिव्हॉल्व्हर जेमतेम 400 ग्रॅमच्या घरातली, आणि तिचा ट्रिगर पाच किलोंच्या वर. शस्त्राच्या वजनाच्या बारा पटींहून जास्त जोर एका बोटाने लावताना ते हलू न देणं अवघड आहे. न्यूयॉर्क पोलिसांनी अनेक वर्षं पिस्तुलांना मुद्दाम 12 पौंडांचा, म्हणजे जवळजवळ साडेपाच किलोंचा ट्रिगर ठेवला होता. 24 ऑगस्ट 2012 रोजी एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर दोन पोलिसांनी एका हल्लेखोरावर 16 गोळ्या झाडल्या. त्यात जखमी झालेले नऊही वाटसरू पोलिसांच्याच गोळ्यांनी किंवा त्यांच्या तुकड्यांनी जखमी झाले. तिथल्या गर्दीत दोष एकट्या ट्रिगरचा म्हणता येणार नाही, पण त्यानंतर या जड ट्रिगरबद्दल उघड चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती.

नवख्याला मी स्ट्रायकरवालं, अडीच किलोंच्या आसपास ट्रिगर असलेलं पिस्तूल सुचवेन, तेही ट्रिगर गार्ड पूर्ण झाकणाऱ्या कडक होल्स्टरसकट. होल्स्टरसाठी पैसे उरत नसतील, तर पिस्तूल स्वस्त घ्या. नियमित सराव होणार असेल आणि पिस्तूल पुढच्या बाजूला बाळगायचं असेल, तर पी-01 किंवा पी-07. घेतल्यावर ट्रिगर हलका करायला बाहेरचे सुटे भाग बसवू नका. कंपनीने ठरवलेले ताण आणि आतल्या सेफ्टी एकमेकांशी जुळवलेल्या असतात. आणि निवड करण्याआधी रेंजवर भाड्याचं पिस्तूल घेऊन दर मॅगझिनची फक्त पहिली गोळी कुठे लागते ते वेगळं टिपून ठेवा. डबल-सिंगलचा निर्णय त्या कागदावरच होतो.