विंडोज १०नंतर जुन्या संगणकासाठी लिनक्स मिंट

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०च्या नियमित सुरक्षा सुधारणा थांबवल्या आणि देवगडमधल्या आमच्या आंब्याच्या वखारीतला, सातव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर असलेला संगणक विंडोज ११च्या अटींत बसेना. धडधाकट यंत्र केवळ एवढ्या कारणाने भंगारात काढणे मला पटत नाही, म्हणून त्यावर विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्स मिंट २२ या संगणक प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती बसवली.

ही प्रणाली मोफत आहे, ४ जीबी रॅमवर सुरळीत चालते आणि तिला २०२९पर्यंत सुरक्षा सुधारणा मिळणार आहेत. सर्वांत उपयोगी गोष्ट अशी की, ती न बसवताच पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. त्यामुळे प्रिंटर, वाय-फाय आणि मराठी इनस्क्रिप्ट कळफलक यांची खात्री करूनच मी हार्ड डिस्कला हात लावला. लिब्रेऑफिस या वर्ड-एक्सेलसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पेट्यांचे हिशेब आणि पावत्या व्यवस्थित होतात, मात्र गुंतागुंतीच्या वर्ड फायलींची मांडणी कधीकधी विस्कटते. पावसाळ्यात वीज आणि इंटरनेट दोन्ही बेभरवशाची असताना अपडेट केव्हा घ्यायचे हे आपण ठरवायचे, ही मोकळीक मला फार मोलाची वाटते.

टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी मात्र घाई करू नये, कारण ते विंडोजसाठी बनलेले आहे. त्यांनी मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा सुधारणांच्या योजनेची आधी चौकशी करावी. बदल करण्यापूर्वी हिशेबांची प्रत वेगळ्या डिस्कवर अवश्य काढावी, कारण मिंट बसवताना डिस्क पुसण्याचा पर्याय निवडला, तर जुन्या फायली हाती लागण्याची आशा धरू नये.