‘रिव्हॉल्व्हर’ घ्यायचंय, पण कुठलं?

डेक्कन क्वीनमध्ये मी आणि माझा मामेभाऊ एकच इयरफोन वाटून घेऊन बसलो होतो. डावं टोक त्याच्या कानात, उजवं माझ्या. बीटल्सचं ‘एलेनॉर रिग्बी’ लागलं. सुरुवातीचं सगळ्यांचं एकत्र गाणं झालं, पहिलं कडवं सुरू झालं आणि तो म्हणाला, “अरे, गाणारा कुठे गेला? नुसती व्हायोलिनं वाजतायत.” माझ्या कानात पॉल मॅकार्टनी व्यवस्थित गात होता. “निदान एक अक्षर तरी आलं होतं,” तो म्हणाला, “मग गप्पच.”

त्याचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. आम्ही ऐकत होतो ते १९६६ चं स्टिरिओ मिक्स, म्हणजे आवाज डाव्या-उजव्या दोन स्पीकरांत वाटून केलेली मांडणी. त्यात कडव्यातला आवाज सगळाच्या सगळा उजवीकडे आहे. सुरुवातीच्या ओळीत आवाज दुहेरी करून दोन्ही बाजूंना ठेवलाय, आणि डावी बाजू बंद करायला मिक्स करणाऱ्याचा हात किंचित उशिरा गेला. त्यामुळे एलेनॉरमधला ‘ए’ तेवढा डावीकडे सांडला. छप्पन्न वर्षं तो तसाच विकला गेला.

मामेभावाला तेव्हापासून हे गाणं ज्यावर आहे तो बीटल्सचा ‘रिव्हॉल्व्हर’ हा अल्बम विकत घ्यायचा होता, आणि ‘कुठला घेऊ’ हा त्याचा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. ‘रिव्हॉल्व्हर’ नावाच्या किमान तीन वेगवेगळ्या वस्तू बाजारात आहेत: १९६६ चं मोनो (सगळा आवाज एकत्र, एकाच स्पीकरसाठी), १९६६ चं स्टिरिओ आणि २०२२ चं नवं मिक्स. शिवाय न वापरलेल्या टेक्सचा, म्हणजे स्टुडिओतल्या वाजवून पाहिलेल्या प्रयत्नांचा, ढीग. गाणी तीच चौदा, वेळ जवळजवळ तोच, जेमतेम पस्तीस मिनिटं. पण ऐकताना अल्बम बदलतो.

आधी हा घोळ झाला कसा ते बघू. ६ एप्रिल ते २१ जून १९६६ या काळात लंडनच्या ॲबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत हा अल्बम ध्वनिमुद्रित झाला. निर्माता जॉर्ज मार्टिन, ध्वनी-अभियंता जेफ एमरिक. एमरिकचं वय तेव्हा फक्त वीस, आणि स्टुडिओचे नियम मोडायची त्याला हौस. ड्रमवादक रिंगोच्या बास ड्रममध्ये त्यानं लोकरीचा स्वेटर कोंबला आणि माइक नियमापेक्षा कितीतरी जवळ आणला. हे सगळं ज्या टेपवर गेलं त्यावर ट्रॅक, म्हणजे आवाज टिपायचे वेगवेगळे पट्टे, चारच. म्हणजे ड्रम, बास आणि गिटार पुष्कळदा एकाच ट्रॅकवर, एकत्र शिजलेले. नंतर कुणाला वाटलं की ड्रम मधे ठेवू आणि गिटार बाजूला, तर ते शक्यच नव्हतं. तिघे जातील तिथे एकत्र जाणार.

मोनोत त्यानं काही बिघडत नव्हतं. सगळं एकाच स्पीकरमधून यायचं, त्यामुळे प्रश्न फक्त कोण किती मोठ्यानं वाजणार एवढाच. त्या काळी ब्रिटनमध्ये बहुतेक घरांत एकाच स्पीकरचा रेकॉर्ड प्लेअर असे, म्हणून वेळ आणि जीव ओतला गेला तो मोनोवर. बीटल्स स्वतः हजर राहत तेही मोनोच्याच वेळी. स्टिरिओ हे मागाहून उरकायचं काम होतं.

ते उरकणं ऐकू येतं. ‘टॅक्समन’ घ्या. १९६६ च्या स्टिरिओत ड्रम, बास आणि ताल धरणारी गिटार तिघंही डाव्या कोपऱ्यात दाटीवाटीनं उभे, आवाज मधे, आणि मॅकार्टनीनं वाजवलेली ती चवताळलेली सोलो गिटार उजवीकडे एकटी. (हो, गाणं बीटल्समधल्याच जॉर्ज हॅरिसनचं, पण सोलो पॉलची.) दिवाणखान्यात दोन स्पीकर लांब ठेवून ऐकलंत तर खोलीतली हवा आवाज मिसळून घेते आणि फार खटकत नाही. हेडफोनवर मात्र डोकं डावीकडे कलल्यासारखं होतं. ज्यांनी आयुष्यभर हेच ऐकलं त्यांना यात मजा वाटते, आणि मलाही थोडी वाटते. पण आज पहिल्यांदा घेणाऱ्याला मी हे सुचवणार नाही. १९८७ ची सीडी आणि २००९ चं सुधारित स्टिरिओ या दोन्हींत हेच जुनं मिक्स आहे. २००९ चं स्वच्छ केलेलं आहे, इतकंच. सीडी निघाली तेव्हा मार्टिन यांनी ‘हेल्प’ आणि ‘रबर सोल’ नव्यानं मिक्स केले, ‘रिव्हॉल्व्हर’ला हात लावला नाही.

आता मोनो. ‘टॅक्समन’ इथे ठोसा मारल्यासारखं येतं. सगळं मधोमध असल्यामुळे बास आणि ड्रम एकमेकांना चिकटून बसतात आणि आवाजाला जो दाब येतो तो कुठल्याच स्टिरिओत नाही. शिवाय मोनो म्हणजे स्टिरिओच दोन्हीकडून सारखं केलेलं, असं नाही. ते वेगळं बसून केलेलं मिक्स आहे, त्यामुळे तपशील वेगळे आहेत. ‘यलो सबमरीन’ मोनोत गिटारच्या ठोक्यानं सुरू होतं. स्टिरिओत तो ठोका गाळला गेलाय आणि आवाज एकटाच पुढे येतो. ‘आय ॲम ओन्ली स्लीपिंग’मधले उलट्या वाजणाऱ्या गिटारचे तुकडे दोन्हींत वेगवेगळ्या जागी येतात. ‘गॉट टू गेट यू इनटू माय लाइफ’ मोनोत जास्त वेळ चालतं, आणि शेवटी मॅकार्टनी जे घसा फोडून गातो त्यातलं बरंच काही स्टिरिओवाल्यांना ऐकायलाच मिळत नाही.

आपल्या कानांसाठी सगळ्यात महत्त्वाचा फरक ‘लव्ह यू टू’मध्ये आहे. हॅरिसनचं हे गाणं म्हणजे सतार, तंबोरा आणि तबला, आणि तबला वाजवलाय अनिल भागवत यांनी. लंडनच्या एशियन म्युझिक सर्कलमार्फत ते स्टुडिओत आले आणि त्यांचं नाव रेकॉर्डच्या वेष्टनावर छापलं गेलं. बाहेरच्या वादकाचं नाव वेष्टनावर येणं बीटल्सकडे नेहमीचं नव्हतं. गाण्याच्या शेवटी लय एकदम चढते, तबला धावू लागतो, आणि स्टिरिओत नेमका तिथेच आवाज विरत जातो. मैफल रंगात आली आणि कुणी सतरंज्या गुंडाळायला लागलं, तसं. मोनोत ती द्रुत लय आणखी काही क्षण मिळते. काही क्षणच, पण ते ऐकून झाल्यावर स्टिरिओकडे परत जाताना मला दर वेळी चुकल्यासारखं वाटतं.

‘टुमॉरो नेव्हर नोज’साठीही मी मोनोच निवडीन. त्यातले टेपचे गोल फिरणारे तुकडे, तो समुद्रपक्ष्यासारखा चीत्कार, लेस्ली नावाच्या फिरत्या स्पीकरमधून काढलेला जॉन लेननचा दुरून येणारा आवाज, हे सगळं एका भोवऱ्यात गरगरतं. पसरून मांडलं की भोवऱ्याचा मंडप होतो.

मग २०२२ चं मिक्स कशासाठी? तर ‘एकत्र शिजलेलं वेगळं काढता येत नाही’ ही अडचणच उरली नाही म्हणून. चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांच्या ध्वनी विभागानं, एमिल द ला रे यांच्या पुढाकारानं, अशी प्रणाली तयार केली की संगणक आधी ड्रम, गिटार, बास यांचे आवाज ओळखायला शिकतो आणि मग एका ट्रॅकमधून प्रत्येक सुटं करून देतो. मिसळीच्या वाटीतून मटकी, फरसाण आणि तर्री परत आपापल्या भांड्यात काढण्यासारखं आहे हे, आणि वाटी न सांडता. जॉर्ज मार्टिन यांचा मुलगा जाइल्स मार्टिन आणि सॅम ओकेल यांनी त्या सुट्या आवाजांवरून नवं मिक्स केलं, आणि २८ ऑक्टोबर २०२२ ला ते बाहेर आलं.

परिणाम ऐकायचा तर पुन्हा ‘टॅक्समन’च. बास आणि ड्रम आता मधे, जिथे कुणीही ठेवले असते तिथे. गिटारी दोन्ही अंगांना. ‘एलेनॉर रिग्बी’त मॅकार्टनी समोर उभा आणि आठ तंतुवादक (चार व्हायोलिन, दोन व्हायोला, दोन चेलो) त्याच्याभोवती अर्धवर्तुळात बसलेले. चेलोची घासलेली तार इतकी जवळ येते की राळेची पूड उडताना दिसावी. ‘शी सेड शी सेड’मध्ये रिंगो काय वाजवतो आहे ते मला पंचवीस वर्षं हा अल्बम ऐकल्यावर पहिल्यांदा नीट कळलं. तो ड्रम गाण्याच्या मागे नाही, गाण्याशी भांडत चाललाय.

खोट अगदीच नाही असं नाही. खर्ज आजच्या सवयीप्रमाणे भरघोस ठेवलाय, आणि झांजांच्या कडा कधीकधी पॉलिश पेपरनं घासल्यासारख्या लागतात. जुन्या मिक्समधला ओरखडणारा कर्कशपणा थोडा निवला आहे. हा अल्बम मुळात जरा उद्धट आहे. २०२२ मध्ये तो नीट इस्त्री करून आलाय. तरीही हेडफोनवर ऐकणाऱ्यासाठी दुसरा पर्याय मी सांगणार नाही.

टेक्सचं काय? २०२२ च्या मोठ्या पेटीत पाच सीडी किंवा चार एलपी आणि एक छोटी रेकॉर्ड येते, एकूण त्रेसष्ट ट्रॅक. त्यात नवं मिक्स आहे, जुनं मोनो आहे, त्याच दिवसांत केलेली ‘पेपरबॅक रायटर’ आणि ‘रेन’ आहेत आणि दोन डिस्क भरून स्टुडिओतले टेक्स. त्यांतले बरेचसे एकदाच ऐकायचे. गायकाशिवायचे नुसते साथीचे ट्रॅक अभ्यासाला बरे, करमणुकीला नाहीत.

पण काही ऐकलेच पाहिजेत. ‘यलो सबमरीन’ची घरगुती टेप घ्या. त्यात लेनन गिटारवर, अगदी उदास चालीत गातो की जिथे आपण जन्मलो तिथे कुणाला काही पडलेलं नव्हतं. ज्या गाण्यावर जगभरची बालवाडी टाळ्या वाजवते त्याच्या मुळाशी हे होतं! मॅकार्टनीनं पोरांसाठी खेळीमेळीत रचलेलं गाणं म्हणूनच आपण सगळे ते ऐकत आलो. या एका टेपनं तो समज बराच ढिला होतो. ‘रेन’चा पाचवा टेक आधी मूळ वेगात ऐका आणि लगेच संथ केलेला ऐका. चौघांनी तो भरभर वाजवला आणि टेप सावकाश फिरवून ती जड, ओली लय काढली; दोन्ही मागोमाग ऐकले की युक्ती कानाला उमगते. ‘टुमॉरो नेव्हर नोज’चा पहिला टेक हा या अल्बमच्या पहिल्याच दिवसाचा, आणि तो अंतिम रूपापेक्षा जास्त काळोखा आहे. ‘एलेनॉर रिग्बी’च्या आधीचं बोलणंही चुकवू नका: जॉर्ज मार्टिन वादकांकडून सूर कंप देऊन आणि सरळ, असा दोन्ही प्रकारे वाजवून घेतात, मॅकार्टनीला त्यातला फरक फारसा जाणवत नाही, आणि शेवटी सरळच ठेवायचं ठरतं. त्या गाण्याचा कोरडेपणा जिथे ठरला तो हा क्षण. ‘अँड युअर बर्ड कॅन सिंग’चा हसून हसून बिघडलेला टेक १९९६ च्या ‘अँथॉलॉजी २’वरही होता, पण तो कितीही वेळा चालतो.

एवढ्यासाठी पेटी घ्यावी का? शंभर पानी पुस्तकाचा आणि मोठ्या खोक्याचा सोस असेल तर घ्या. नसेल तर ही सगळी त्रेसष्ट गाणी स्ट्रीमिंगवर आहेत, मोनोसकट. तिथे ‘सुपर डीलक्स’ लिहिलेली नोंद शोधा. २००९ ची नोंद वेगळी असते आणि तीत जुनं स्टिरिओ आहे, हे विसरू नका. पैसे मोजण्याआधी ‘टॅक्समन’, ‘एलेनॉर रिग्बी’ आणि ‘टुमॉरो नेव्हर नोज’ तिन्ही मिक्समध्ये एका बैठकीत ऐका. अर्ध्या तासात तुमचं तुम्हाला कळेल.

मोनो हातात धरायचं असेल तर २०१४ ची एलपी उत्तम. ती मूळ टेपवरून, मधे संगणक न आणता कापलेली आहे. मोनोची सीडी २००९ मध्ये सुटी नाही, सगळ्या अल्बमांच्या पेटीतून आली. जुन्या बाजारात हात घालणार असाल तर दोन गोष्टी. अमेरिकन प्रत असेल तर तिच्यात अकराच गाणी आहेत; लेननची तीन आधीच दुसऱ्या अल्बमवर टाकून कंपनीनं इथून काढली होती, आणि त्यामुळे तो अल्बम जवळजवळ मॅकार्टनी-हॅरिसनचा वाटतो. आणि ब्रिटिश मोनोच्या अगदी सुरुवातीच्या काही प्रतींवर ‘टुमॉरो नेव्हर नोज’चं वेगळंच, अकरा नंबरचं मिक्स चुकून गेलं. त्या प्रतीसाठी लोक वेड्यासारखे पैसे मोजतात. तेच मिक्स आता पेटीत आणि स्ट्रीमिंगवर आहे. वेडे तरीही मोजतात.

मामेभावानं २०२२ ची साधी एक सीडीची आवृत्ती घेतली आणि फोनवर उतरवून ठेवली. परवा भेटला तेव्हा त्याच्या इयरफोनचं उजवं टोक मेलेलं होतं. डावं त्यानं माझ्या कानात खुपसलं. मॅकार्टनी गात होता.