जुन्या एमएम ५४० ला पुढे डिस्क ब्रेक: काम चांगलं, गॅरेज जरा ढिसाळ
आमची महिंद्रा एमएम ५४० जीप, चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि ज्याने ही गाडी चालवलीय त्याला माहितीये की ओढा ओलांडला की पुढची पाच मिनिटं ब्रेक नावालाच, लायनर (ड्रमच्या आत घासणारा थर) सुकेपर्यंत हळूहळू पाय दाबत जायचं. ताम्हिणीच्या उतारावर एकदा फाटली आणि ठरवलं, पुढे बोलेरोची डिस्क-कॅलिपर (चकती आणि तिला पॅडने आवळणारा भाग) आणि सोबत पायाचा जोर वाढवणारा बूस्टर टाकायचा.

गॅरेजवाल्याने दोन दिवस सांगून पाच घेतले. ते ठीके हो, पण गाडी आणली तर पेडल स्पंजी, ब्रेकच्या लाईनमधली हवा तीनदा काढूनही तेच. शेवटी मीच खाली वाकून बघितलं तर कॅलिपर डावा-उजवा उलटा बसवलेला, हवा काढायचं निपल खाली! हवा वर जाते राव, खालून कशी निघणार? अदलाबदल केली आणि पेडल टणक.

अजून एक, जुना मास्टर सिलेंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलतो तो) ठेवणार असाल तर त्यातला ड्रमवाला रेसिड्युअल व्हॉल्व्ह (लाईनमध्ये थोडा दाब कायम ठेवतो तो) पुढच्या लाईनमधून काढायला लावा, नाहीतर पॅड कायम घासत राहतात आणि चाक तापतं. मागचे ड्रम तसेच ठेवलेत, पुढे जास्त वजन येतं ना ब्रेक मारल्यावर.

आता पाण्यातून निघाल्यावर एकदोनदा पाय दाबला की पकडतात. पार्ट्सला पाचपैकी साडेचार, गॅरेजला अडीच, आणि तेही चहा चांगला पाजला म्हणून.