जुन्या ट्रॅव्हलर कॅम्परचं इंजिन: उघडून बांधायचं की दुसरं बसवायचं?

आपल्याकडे हौसेनं बनवलेल्या कॅम्परखाली (आत राहण्या-झोपण्याची सोय केलेली गाडी) बऱ्याचदा जुनी टेम्पो ट्रॅव्हलर निघते, आणि तिच्यात मर्सिडीजच्या परवान्यावर बनलेलं ओएम ६१६, म्हणजे २.४ लिटरचं डिझेल इंजिन. १९७३ च्या मर्सिडीज २४० डी मध्ये हेच इंजिन होतं. डिझेलचा मेकॅनिकल पंप, डिझेल फवारणारे नोझल, ग्लो प्लग, टायमिंग चेन. कॉम्प्युटरचा पत्ता नाही. पुढचं सगळं या इंजिनाला धरून आहे.

आधी एक शंका फेडून घ्या: इंजिन खरंच संपलंय का? सकाळी सुरू व्हायला त्रास, घाटात दम नाही, एवढ्यावरून मेकॅनिक ‘फुल काम’, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून नव्यानं बांधायला, सांगून मोकळा होतो. या इंजिनाचे टॅपेट वापरानं आवळत जातात, म्हणजे व्हॉल्व्हची फट कमी होते, व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, पडतं. म्हणून टॅपेट सेट करा, नोझल तपासून घ्या आणि मगच कॉम्प्रेशन मोजा. नव्या इंजिनात ते २२ ते २४ बार असतं. १५ च्या खाली गेलं, किंवा दोन सिलिंडरमध्ये ३ बारहून जास्त फरक निघाला, तर पुढे वाचा. शिवाय कॅम्परमध्ये लाकूडकाम, बॅटऱ्या, पाण्याची टाकी असतात. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. कसारा चढताना लागणारी धाप कधी कधी निव्वळ वजनाची असते.

इंजिन बांधण्यातला मोठा फायदा असा की आत काय गेलं ते तुम्हाला कळतं. सिलिंडर बोअर करून मोठा केला का त्याच्या आतल्या नळ्या (लायनर) बदलल्या, क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) किती घासला, हेडला (सिलिंडरवरचं झाकण) तडा आहे का, सगळं लेथवर डोळ्यांसमोर दिसतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरसारख्या ठिकाणी हे काम करणारे हात आजही आहेत. इंजिन नंबर तोच राहतो, त्यामुळे आरटीओकडे जावं लागत नाही. तोटा वेळेचा आणि अंदाजपत्रकाचा. हेड उघडेपर्यंत कुणीही खरा आकडा सांगू शकत नाही, आणि जो छातीठोकपणे सांगतो त्याच्यापासून मी तरी लांब राहीन. फक्त पिस्टनच्या रिंगा बदलून ‘हाफ काम’ करायचा मोहही टाळा. सिलिंडरचं भोक लंबगोल झालं असेल तर नव्या रिंगा त्यात बसून काही उपयोग नाही, थोड्याच दिवसांत धूर परत येतो.

दुसरं इंजिन बसवणं झटपट होतं. कुर्ल्याच्या बाजारात किंवा एखाद्या डीलरकडे रिकंडिशन्ड (दुरुस्त करून विकलेलं जुनं) इंजिन मिळतं, आणि गाडी लवकर रस्त्यावर येते. पण वरून रंग मारलेल्या इंजिनाच्या आत काय आहे हे विकणाऱ्यालाही धड माहीत नसतं. थंड इंजिन सुरू करून दाखवायला सांगा. चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण काढल्यावर धूर भसाभस आला तर सौदा सोडा. कागद त्याहून महत्त्वाचे. इंजिन नंबर आरसी बुकात असतो, त्यामुळे बदल केला की १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओत नोंद आलीच, विमा कंपनीलाही कळवायला हवं. पक्कं बिल आणि मूळ गाडीचे कागद नसलेलं इंजिन फुकट मिळालं तरी घेऊ नये, चोरीचं निघालं तर निस्तरायचं तुम्हाला.

नव्या ट्रॅव्हलरचं कॉमन-रेल, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या डिझेल फवाऱ्याचं, इंजिन टाकायची कल्पना बऱ्याच जणांना सुचते. ताकद वाढते हे खरं, पण सोबत ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), वायरिंग, सेन्सर, वेगळी इंधन व्यवस्था हे सगळं ओढून आणावं लागतं, मंजुरीची कटकट वेगळीच. स्पितीच्या एखाद्या गावात ओएम ६१६ चा पंप उघडणारा मिस्त्री सापडेल, ईसीयूचा कोड वाचणारा सापडेलच असं नाही.

माझा कौल सरळ आहे. ब्लॉक आणि क्रँक शाबूत असतील तर बांधा. ब्लॉकला तडा गेलाय, कनेक्टिंग रॉड बाहेर आलाय, किंवा क्रँक आधीच शेवटच्या अंडरसाइझला पोचलाय, म्हणजे आणखी घासायला जागा उरली नाही, तर बदला. अशा वेळी जुन्यात पैसा घालणं म्हणजे नुसती हौस.

दोन्हीत इंजिन खाली उतरणारच. ट्रॅव्हलरमध्ये ते दोन सीटच्या मधे असतं, आणि कॅम्पर करताना लोक नेमकं त्याच्यावर कपाट ठोकतात, तर सुताराचा खर्चही धरा. क्लच प्लेट, माउंटिंग, पाण्याचे होस आणि रेडिएटरची सफाई त्याच वेळी उरकून घ्या.